धूळ, दूध आणि गाय : एका अभिवाचनाच्या नोंदी

शनिवार, ७ जून २०२५

विषय ठरला. यंदाचं अभिवाचन ल्युक्रेशियसचं. ताईंनी नाव घेतल्यावर कट्ट्यावरच्या निम्म्यांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि बाकीच्यांनी चहाचा कप उचलला, म्हणजे एकालाही माहीत नव्हता. मलाही नव्हता. तेव्हा आधी माहिती लिहून ठेवते.

रोमन कवी, इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला. मागे एकच काव्य, लॅटिनमध्ये, सहा भाग, सुमारे ७,४०० ओळी. नाव ‘दे रेरुम नातुरा’, वस्तुमात्राच्या स्वभावाविषयी. गुरू मानलेला ग्रीक एपिक्युरस (इ.स.पू. ३४१ ते २७०). सगळं जग अणू आणि पोकळी यांचं. जीवही अणूंचाच, फक्त फार बारीक अणूंचा. शरीर मोडलं की तोही पांगतो. मागे कोणी उरतच नाही, तर यमयातना भोगायच्या कोणी? एवढं पटवायला त्याने ढग, चुंबक, कुत्र्यांची स्वप्नं, अंगठ्या, ज्वालामुखी, जे दिसेल ते कामाला लावलंय.

आपल्याकडे चार्वाकांचं जे काही हाती लागतं ते बहुतेक त्यांना खोडून काढणाऱ्यांच्या पोथ्यांतून. याचं अख्खं काव्य तरलं, तेही थोडक्यात. नवव्या शतकातल्या दोन प्रती नेदरलंड्समध्ये लायडनला आहेत. १४१७ साली पोज्जो ब्राच्चोलिनी नावाच्या इटालियन ग्रंथशोधकाला एका मठात हस्तलिखित सापडलं, तेव्हापासून ते पुन्हा लोकांत आलं.

कामं वाटली. मराठी ताई करणार, मन्रोचं १८६४चं आणि बेलीचं १९१०चं इंग्रजी गद्य समोर ठेवून. निवड आणि वेळेचा हिशेब काकांकडे. त्यांनी आयुष्यभर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त तपासलेत. आवाज आणि दिवे तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा बघेल. माझी नोकरी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे ‘सामान तुमच्याकडे’ हे मला न विचारताच ठरलं.

तारीख १३ सप्टेंबर. पितृपक्ष. ठाण्याच्या नौपाड्यात त्या पंधरवड्यात हॉल मागाल तो मिळतो आणि भाड्यात घासाघीसही करता येते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, ‘‘पितरांच्या पंधरवड्यात, मेल्यावर काही नसतं म्हणून सांगणार? सांगा हो. ऐकायला कावळे असतीलच.’’

रविवार, १५ जून

पहिल्या भागातला उतारा घेतला. जे डोळ्यांना दिसत नाही तेही असतं, हे पटवायला त्याने दिलेले दाखले असे: लाटा फुटतात त्या किनाऱ्यावर टांगलेले कपडे ओलसर होतात, तेच उन्हात पसरले की सुकतात, पण पाणी आलं कसं आणि गेलं कसं हे कोणी पाहिलेलं नाही. बोटातली अंगठी वर्षानुवर्षं आतून झिजते. थेंबाथेंबाने दगडाला खळगा पडतो. नांगराचा फाळ शेतातच कमी होत जातो. वेशीपाशी उभ्या असलेल्या ब्राँझच्या मूर्तींचे उजवे हात येणाऱ्याजाणाऱ्यांनी शिवून शिवून बारीक केलेत.

कपड्यांचा दाखला ठाण्यात पावसाळ्यात वाचायला मिळतोय हे आपलं भाग्य. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टॉवेल तोलला. कपाटातून काढलेला, कोरडा: ३४० ग्रॅम. तोच रात्रभर गॅलरीत ठेवला, पावसाचा शिंतोडाही लागू न देता: ३५३. मग धुऊन, पिळून: ६१०. दुसऱ्या दिवशी सकाळी: ४५५. म्हणजे १५५ ग्रॅम पाणी माझ्या नाकासमोरून निघून गेलं. रेणूंत मोजायचं तर पाचावर चोवीस शून्यं. रात्रभर खुर्ची टाकून बसले असते तरी त्यातला एक जाताना दिसला नसता. काटा कार्यक्रमात ठेवायचाच, आणि आकडा मोठ्या अक्षरांत लिहायचा.

आजींना अंगठीचा उतारा वाचून दाखवला, तर त्यांनी हातातली पाटली पुढे केली. हिच्या जोडीची मोडायला नेली तेव्हा ती पावतीवरच्या वजनाइतकी भरली नव्हती. सोनाराने काटा मारला, असं त्या इतकी वर्षं धरून बसल्या होत्या. ‘‘म्हणजे भांडी घासताना गेलं म्हणायचं!’’ मग थोडं थांबून, ‘‘बिचारा. आता सांगायचं तर तोही राहिला नाही.’’

मूर्तींच्या हातांसाठी नंदी. शिंगांवर बोटं ठेवून मधून पिंडी बघायची रीत असते, तिथला दगड तेल लावल्यासारखा गुळगुळीत होतो. कोपिनेश्वराच्या देवळात फोटो काढू देतील का, ते मुलगा विचारून येणार आहे.

शनिवार, २८ जून

आज धूळ. दुसऱ्या भागातला सगळ्यांत गाजलेला उतारा: अंधाऱ्या घरात उन्हाची तिरीप शिरते, तिच्यात धुळीचे कण न संपणाऱ्या लढाईत असल्यासारखे भिडतात, पांगतात, पुन्हा भिडतात. त्यावरून तो म्हणतो की या दिसणाऱ्या धांदलीच्या मुळाशी न दिसणाऱ्या कणांचे धक्के आहेत.

पंचाईत दोन. एक, ऊन नाही. यंदा मान्सून २६ मेलाच मुंबईत येऊन बसला, आणि आमच्या हॉलची खिडकी तशीही समोरच्या टॉवरकडे उघडते. त्यावर इलाज आहे: दिवे बंद, एलईडी टॉर्चपुढे चीर पाडलेला पुठ्ठा, आणि खाली एक उदबत्ती.

दुसरी पंचाईत भौतिकशास्त्राची. तिरिपेतली धूळ हलते ती मुख्यतः हवेच्या झोतांनी. पंखा बंद केला तरी माणसांच्या अंगाच्या उबेने हवा वर चढत राहते. हवेच्या रेणूंचे धक्के धुळीलाही बसतात, पण एवढ्या जाड कणाला ते पुरत नाहीत. काकांच्या शब्दांत, निकाल बरोबर, साक्षीदार चुकीचा.

योग्य साक्षीदार सूक्ष्मदर्शकाखाली सापडतो. रॉबर्ट ब्राउनने १८२७ साली परागकणांतले अतिसूक्ष्म कण पाण्यात अखंड थरथरताना पाहिले. आइन्स्टाइनने १९०५मध्ये त्याचं गणित मांडलं, आणि पेरँने १९०८पासून मोजमापं घेऊन अणू खरे असल्याचं सिद्ध केलं. आपल्याला पराग शोधायला नकोत. फुल क्रीम दुधाचा थेंब वाटीभर पाण्यात, त्यातला थेंब काचपट्टीवर, वर पातळ काच, आणि कडेने नेलपॉलिश. नेलपॉलिश विसरायचं नाही, नाहीतर पाणी कडेने सुकतं, सगळे कण एकाच दिशेला वाहू लागतात आणि बघणाऱ्याला तेच खरं वाटतं. ४०० पट मोठं करून बघितलं. जुन्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शक वापरू दिला.

स्निग्धाचे मोठे गोळे जवळजवळ स्थिर असतात. त्यांच्यामधले अगदी बारीक, जेमतेम ठिपक्याएवढे, ते मात्र कापत असतात. कुठे जायचंय असं नाही, आणि थांबायचंही नाही. काका बराच वेळ डोळा लावून बसले.

‘‘हे हलवतंय कोण?’’
‘‘कोणी नाही. पाणी.’’
‘‘पाणी तर स्थिर आहे.’’
‘‘दिसतं स्थिर.’’

त्यांनी पुन्हा डोळा लावला. मोबाइलने चित्रफीत घेतली आहे, भिंतीवर टाकता येईल.

रविवार, ६ जुलै

आषाढी. बैठक नव्हती, पण ताई संध्याकाळी आल्या. उपासाचे वेफर्स खाता खाता वाद झाला. त्यांचं म्हणणं, तुकोबांचा ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां’ हा अभंग घ्यावा. मरणावर मराठीत कार्यक्रम आणि तो नाही, हे लोकांना रुचणार नाही. माझं म्हणणं उलट. तिसऱ्या भागात ल्युक्रेशियस नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवतो. माणूस म्हणतो की मेल्यावर मी नसेन, पण मनातल्या मनात आपल्याच प्रेताशेजारी उभा राहतो, त्याची कीव करतो, गिधाडं टोचतील म्हणून शहारतो. मेल्यावर शेजारी उभं राहायला दुसरा ‘मी’ कुठून आला? तुकोबा मात्र त्याच जागी उभे राहून तो सोहळा अनुपम्य झाल्याचं सांगतात, कारण त्यांचा ‘मी’ आधीच गेलेला आहे. दोघांचे रस्ते एकाच चौकात येतात आणि उलट दिशांना जातात. हे समजावायला अर्धा तास लागेल, आपल्याकडे मिनिटं आहेत. अभंग नाही. ताई थोड्या नाराज.

शनिवार, १९ जुलै

तिसऱ्या भागाचा शेवट आज पहिल्यांदा मोठ्याने वाचला. क्रम असा. आपण जन्मायच्या आधी रोमची कार्थेजशी युद्धं झाली, सगळं जग हादरलं, आपल्याला काही वाटलं नाही; मेल्यानंतरचा काळही तसाच असणार. मग निसर्ग स्वतः बोलू लागतो: सुखात गेलं असेल आयुष्य तर पोट भरलेल्या पाहुण्यासारखा ऊठ, दुःखात गेलं असेल तर आणखी वाढून कशाला घेतोस? ताईंनी इथे सरळ पंगत मांडली आहे आणि ती बसली आहे झकास. हात धू, पान सोड, दुसरी पंगत ताटकळलीय. जगात द्रव्य आहे तेवढंच आहे, पुढच्यांची शरीरं त्यातूनच व्हायची आहेत.

आणि ती ओळ: आयुष्य मालकीने कोणालाच मिळत नाही, वापरायला सगळ्यांना मिळतं. मूळ ओळीत रोमन कायद्यातली मालमत्तेची भाषा आहे, हे कळल्यावर काका खूश. ‘‘ओनरशिप नाही. लीव्ह अँड लायसन्स.’’ आमची इमारत पुनर्विकासाला निघालेली, सगळेच भाड्याची घरं बघतायत, त्यामुळे हसू जरा जास्तच झालं.

हसू ओसरल्यावर काकांनी कागद खाली ठेवला. मागच्या वर्षी काकू गेल्या. म्हणाले, ‘‘जी गेली तिला काही नाही, मान्य. दस्त बिनचूक आहे. पण दस्तात माझं नाव कुठे आहे?’’

ताईंनी दाखवलं की रडणारेही आहेत तिसऱ्या भागात. ‘आता घर हसून तुझं स्वागत करणार नाही, पहिला पापा घ्यायला मुलं धावत येणार नाहीत,’ असं ते म्हणतात. पण कवी त्यांना बोलू देतो ते पुढच्याच ओळीत गप्प करायला: यातल्या कशाची ओढही तुला उरणार नाही, हे मात्र ते सांगत नाहीत. आणि वर विचारतो, शेवट झोप आणि विसावाच असेल तर माणसाने जन्मभर झुरावं कशाला?

काका म्हणाले, ‘‘हे झुरणाऱ्याने विचारलेलं नाही.’’

आज पुढे काही ठरलं नाही. माझं मत नोंदवून ठेवते: हा उतारा एकटा वाचला की वकिली वाटतो. इंटरनेटवर लोक मरणाबद्दलची त्याची सुटी वाक्यं सुभाषितांसारखी वाटत सुटतात, त्यातलंच एक होऊन बसेल. टॉवेल आणि दूध आधी आलं नाही तर पंगतीला बसायचं कोणी आणि उठायचं तरी का?

शनिवार, २ ऑगस्ट

ताईंना सापडलं. तिसऱ्या भागात नाहीच, दुसऱ्यात, आणि तेही भलत्या ठिकाणी. विषय चाललाय अणूंच्या आकारांचा. अणू सगळे एका छापाचे नसतात. दाखला काय, तर एका जातीच्या प्राण्यांतही प्रत्येक वेगळा असतो, नाहीतर आई पिल्लाला ओळखती ना आणि पिल्लू आईला. हे सांगता सांगता एक गाय येते. देवळापुढे धुपाच्या वेदीशी तिचं वासरू कापलं गेलंय. तिला ते माहीत नाही. ती हिरव्या कुरणांतून हिंडते, मातीत उमटलेले दुभंगल्या खुरांचे ठसे ओळखते, चहूकडे बघते, थांबते, रान हंबरण्याने भरून टाकते, आणि पुन्हा पुन्हा गोठ्याकडे परत येते. कोवळा वाळुंज, दंवाने भिजलेलं गवत, काठोकाठ वाहणारी नदी, कशाने तिचं मन रमत नाही. दुसरी वासरं दिसतात, त्यांनीही नाही. तिला हवं ते एकच, ओळखीचं.

एवढं सांगून उतारा करडं आणि कोकरांकडे वळतो, मग धान्याच्या दाण्यांकडे, मग शिंपल्यांकडे. गायीला कोणी समजावत नाही. ‘वासराला आता काही जाणवत नाही, तेव्हा तू कशाला हिंडतेस’ असं तिला निसर्ग येऊन सांगत नाही. तिसऱ्या भागात रडणाऱ्यांशी वाद घालणारा हाच कवी इथे गप्प बसून बघतो. सिद्ध त्याला एवढंच करायचं होतं की एक वासरू दुसऱ्यासारखं नसतं. तिचा शोक त्याने पुरावा म्हणून दाखल केला, आणि दाखल केलेला पुरावा त्याला मागे घेता येत नाही. वेदी कोणाची तेही बघा. पहिल्या भागात वाऱ्यासाठी पोटच्या मुलीचा बळी देणाऱ्या बापाची गोष्ट सांगून त्याने ज्या देवधर्माला धारेवर धरलं, त्याचीच.

बाकी सगळं गद्यात ठेवायचं, पण गायीच्या ओव्या करायच्या, असं ताईंनी ठरवून टाकलं होतं. करूनच आणल्या:

वेदीपुढे वासरू पडे । उष्ण रक्ताचे उडती सडे ।
माय रानोमाळ हिंडे । हुंगीत माती ॥

दुभंगल्या खुरांचे ठसे । भुईवरी शोधीतसे ।
हिरवे रान भरतसे । हंबरण्याने ॥

कोवळा पाला, दंवाचे तृण । वाहे नदी तुडुंब भरून ।
दुजी वासरे पाही दुरून । मन न रमे ॥

आजी जुन्नरकडच्या. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा शोधला नाही, मला एकदा वाचायला लावलं आणि जात्यावरच्या चालीत म्हणून दाखवलं. तिसऱ्या ओवीत ‘पाही दुरून’वर त्या सूर खाली आणतात आणि ‘मन न रमे’ जवळजवळ बोलल्यासारखं टाकतात. तसंच ठेवायचं. अणू वगैरे त्यांना मुळीच मान्य नाहीत.

क्रम ठरला: टॉवेल, धूळ, दूध, गाय, आणि मग पंगत. काकांनी शेवटपर्यंत काही मत दिलं नाही. एवढंच विचारलं, ‘‘किती मिनिटं?’’

‘‘अडीच.’’

‘‘तीन धरतो.’’

शनिवार, १६ ऑगस्ट

दहीहंडी. तालीम रद्द. सकाळपासून स्पीकर, खिडक्यांच्या काचा वाजतायत. आवाज हाही द्रव्याचाच असतो, तो घसा खरवडतो, असं चौथ्या भागात म्हटलंय. आजच्यापुरतं बिनविरोध मंजूर.

गणपतीचे मांडव उभे राहतायत. पिवळ्या, लाल, जांभळ्या कापडाखाली बसलेल्या प्रेक्षकांवर तो रंग सांडतो, हे त्याने रोमच्या नाट्यगृहांबद्दल लिहिलंय. आमच्या गल्लीच्या मांडवाखाली भाजीवाल्याच्या दुधीला गुलाबी झाक आली होती. फोटो घेतला.

मंगळवार, १९ ऑगस्ट

पावसाने सगळं ठप्प. फरसबंदीच्या दगडांमध्ये बोटभर साचलेल्या पाण्यात आकाशाएवढी खोली दिसते, असा चौथ्या भागातला फार सुंदर उतारा आज गॅलरीत बसून वाचला. खाली रस्त्यावर बोटभर नव्हे, पोटरीभर होतं, आणि गढूळ. उतारा घेऊ, प्रयोग नको.

रविवार, २४ ऑगस्ट

स्वप्नं, चौथ्या भागातलीच. हा उतारा इतका मजेशीर असेल असं वाटलं नव्हतं. माणूस दिवसभर ज्यात बुडालेला असतो तेच रात्री बघतो: वकील खटले चालवतात, सेनापती लढतात, खलाशी वाऱ्याशी झुंजतात, ‘आणि मी झोपेतही वस्तूंचा स्वभाव शोधतो आणि आमच्या भाषेत मांडतो.’ घोड्यांना झोपेत घाम फुटतो. शिकारी कुत्री पाय झाडतात, हवा हुंगतात. कुत्र्याची पिल्लं परका चेहरा पाहिल्यासारखी ताडकन उठतात. तहानलेला माणूस नदीकाठी बसून अख्खी नदी घशात ओततो. आणि लहान मूल आपण मोरीवर आहोत असं समजून कपडे वर करतं आणि बॅबिलोनहून आणलेलं उंची अंथरूण भिजवून ठेवतं.

झोपेत डोळे भराभर हलण्याची अवस्था शास्त्रज्ञांनी १९५३ साली नोंदवली. त्या वेळी मेंदू स्नायूंना आवरून धरतो, तरी थोडं निसटतंच. कुत्र्याचे पाय हलतात ते त्यामुळे.

कट्ट्यावर एक वही फिरवली, ज्याने त्याने आपलं लिहायचं. टीएमटीत, म्हणजे ठाण्याच्या बससेवेत, कंडक्टर असलेले भाऊ झोपेत अजून दोरी ओढतात, वहिनींची साक्ष आहे. एका ताईंची फास्ट लोकल दरवेळी दुसऱ्याच फलाटावरून सुटते. माझी म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेची सकाळ, आणि कपाटाची किल्ली नाही. आजींनी लिहिलं नाही, तोंडी सांगितलं: ‘‘हे येतात. चहा मागतात. मी देते.’’

याच भागात थोडं आधी त्याने तेही सांगितलंय. मेलेला माणूस स्वप्नात जिवंत दिसतो, कारण इंद्रियं झोपलेली असतात, स्मृतीही झोपलेली असते, आणि हा तर केव्हाच मरणाच्या ताब्यात गेला आहे अशी हरकत ती घेत नाही.

काकांनी कागद स्वतःकडे ओढला. ‘‘स्वप्नं मी वाचणार. सगळी. अंथरुणासकट.’’

रविवार, ७ सप्टेंबर

काल विसर्जन, आजपासून पितृपक्ष, आणि रात्री खग्रास चंद्रग्रहण. पाचव्या भागात ग्रहणाची एकाहून जास्त कारणं देऊन तो मोकळा होतो. पृथ्वीची सावली हे त्यातलं एक. आम्हाला ग्रहण दिसलं नाही, समोरचा टॉवर आड.

शेवटच्या काटछाटी. कवीला प्रेमाच्या औषधाने वेड लागलं आणि त्याने जीव दिला, ही गोष्ट मुलाला निवेदनात हवी होती. ती जेरोम या ख्रिस्ती संताने चार शतकांनंतर लिहिलेली आहे आणि आधीचा आधार नाही. काढली. वादही दुसरा मोठा झाला: सहाव्या भागाचा शेवट. काव्य सुरू होतं प्रेमदेवता व्हीनसच्या स्तवनाने, वसंताने; संपतं अथेन्समधल्या इ.स.पू. ४३०च्या साथीने, लोक दुसऱ्यांनी रचलेल्या चितांवर आपली माणसं ठेवतायत, त्यावरून मारामाऱ्या होतायत, तिथेच. पुढे ओळ नाही. मुलाच्या मते कार्यक्रमही तसाच तुटावा. परिणाम होईल, शंका नाही. पण सहा भाग चढून आलेला वाचक तिथे उभा राहू शकतो. तासाभरापूर्वी छत्री झटकून खुर्चीत बसलेल्या माणसाला, ज्याने पाच वर्षांपूर्वी स्मशानाबाहेर ताटकळत काढलेले तास अजून ताजे आहेत, त्याला तिथे सोडून दिवे लावायचे, हे मला बरं वाटेना. काढलं.

शनिवार, १३ सप्टेंबर

झाला. पाऊस असूनही खुर्च्या भरल्या. क्रमाने लिहीत नाही, दमले आहे.

सगळ्यांत टाळ्या चुंबकाला. सहाव्या भागात त्याने लिहिलंय की ब्राँझच्या भांड्यातला लोहकीस खाली चुंबक फिरवला की खवळून उठतो. आपण पितळी वाटी घेतली, कीस वागळे इस्टेटमधल्या फॅब्रिकेशनवाल्याकडचा. पहिल्या रांगेतली मुलं वाटीवर अशी वाकली की मागच्यांना काही दिसेना.

टॉर्चच्या झोतात उदबत्तीचा धूर फारच देखणा दिसला, इतका की दूध त्याच्यापुढे फिकं पडलं. पुढच्या वेळी धूर कमी.

काकांनी स्वप्नं वाचली. अंथरुणाला हॉल हसून लोटपोट. ‘हरकत ती घेत नाही’ त्यांनी जराही न थांबता, पुढच्या ओळीला जोडून वाचलं. तालमीत तिथे थांबायचे.

आजींच्या तिसऱ्या ओवीत कोणाचा तरी मोबाइल वाजला. त्यांनी सूर न सोडता त्या दिशेला बघितलं, आणि तो बंद झाला.

पंगत मुलाने वाचली. नीट वाचली. गायीनंतर आल्यामुळे की काय, निसर्गाचं बोलणं दटावणीसारखं लागलं नाही.

प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारलं, मग श्राद्ध करायचं की नाही? ताई म्हणाल्या, कवीला विचाराल तर नाही. आजी म्हणाल्या, मी करते, त्याला म्हणू दे काय म्हणायचं ते. एका विद्यार्थ्याने जीवाच्या अणूंना काय पुरावा, असं खडसावून विचारलं. बरोबर आहे. मी सांगितलं की नाही पुरावा. आणि सूर्य दिसतो जवळजवळ तेवढाच आहे, असंही या कवीने लिहून ठेवलंय. त्याचं भौतिकशास्त्र परीक्षेला लिहू नका.

शनिवार, २० सप्टेंबर

हिशेब जमला, थोडे पैसे उरले, ते पेटीत. वाटी आणि चुंबक परत.

कळव्याच्या एका वाचनालयातून विचारणा आली आहे, पण वेळ अर्धाच तास. काका लाल पेन घेऊन बसले. गेलं: चुंबक, मांडव, डबकं, नंदी. राहिलं: टॉवेल, दूध, स्वप्नं, गाय, पंगत. बेरीज तेहतीस मिनिटं. मुलगा म्हणाला, गाय वगळली की बरोबर बसतं. काकांनी स्वप्नांच्या पानावर सेनापती, खलाशी आणि घोडे खोडले, मग थोडा विचार करून बॅबिलोनचं अंथरूणही खोडलं, आणि खाली तीस लिहिलं.

काट्याची बॅटरी बदलायची आहे. सूक्ष्मदर्शकासाठी कॉलेजला पत्र सोमवारी.